ओडीलने मागे घेतलेली फिल्म

ओडील गेली तेव्हा इथल्या एका पेपरात तिच्यावर छोटा लेख आला. पोर्ट केंबला या कारखान्याच्या गावातल्या कामगार बायकांवर फिल्म करणारी फ्रेंच दिग्दर्शिका, हुशार पण गर्विष्ठ. लोक हसतील या भीतीने स्वतःची सगळ्यात मोठी फिल्म महोत्सवाच्या तोंडावर मागे घेऊन तिने करिअर संपवलं, असं त्यात लिहिलं होतं. ते वाचून मी सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या माझ्या फ्लॅटमध्ये एकटीच मोठ्याने म्हणाले, "खोटं आहे हे." मग आठवलं, हे खोटं तिनेच सांगितलं होतं, आणि तेही माझ्या माईकमध्ये. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारून आता मी हे लिहितेय. काही नावं बदलली आहेत.

मी वॉलॉंगॉंगच्या युनीमध्ये साउंड शिकायला नागपूरहून आले आणि पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर सिडनीतच राहिले. मिळेल त्या शूटवर आवाज रेकॉर्ड करते. क्रेग नावाच्या एका डॉक्युमेंटरीवाल्याने फोन केला, की एका म्हाताऱ्या फ्रेंच दिग्दर्शिकेचं आयुष्य आणि काम यावर तो फिल्म करतोय. चॅनेलने होकार दिलाय, पैसे थोडे आहेत, कॅमेरा तो स्वतः धरणार, साउंडला मी येते का? मी हो म्हणाले.

पहिल्या दिवशी मी तिला 'मॅडम' म्हटलं.

"मॅडम म्हणजे आमच्याकडे पोस्टाच्या खिडकीतली बाई," ती म्हणाली. "ओडील म्हण."

ती बोलायची इंग्रजीतच, मी इथे मराठीत सांगतेय. शिव्या तेवढ्या फ्रेंचमध्ये, आणि त्या बहुतेक अंगणातल्या मॅगपाय पक्ष्यांना. वय ऐंशीच्या आसपास, अंगाने काटकुळी, गुडघा गेलेला. घर वॉलॉंगॉंगजवळच पोर्ट केंबलात, टेकडीवर, फायब्रोच्या म्हणजे सिमेंटच्या पत्र्यांच्या पातळ भिंतींचं. मागच्या दारातून पोलाद कारखान्याच्या चिमण्या आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. कॉफी ती वाडग्यातून प्यायची, दोन्ही हातांत धरून.

तिच्याकडे एक बुटकं लाकडी स्टूल होतं, आपल्या पाटाहून थोडंसंच उंच. मुलाखत घेताना आयुष्यभर ती त्याच्यावर बसली. समोरच्याने आपल्याकडे वर बघून बोलायचं नाही, आपण त्याच्याकडे वर बघायचं, हा नियम. क्रेगने तिच्यासाठी खिडकीपाशी छान आरामखुर्ची मांडली तर ती ढिम्म उभी राहिली.

"स्टुलावर तू बस," ती त्याला म्हणाली. "नाहीतर आपण दोघंही उभे राहू. माझा गुडघा तुझ्याआधी बोंबलेल, पण मी बसणार नाही."

शेवटी स्टूल आलं आणि त्याच्यावर क्रेग बसला. तो सहा फुटांचा. गुडघे कानाशी.

क्रेग वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. 'नो वरीज' हे त्याचं उत्तर प्रत्येक गोष्टीला, आणि ओडीलच्या जुन्या फिल्म्सवर त्याचा मनापासून जीव होता. पण त्याच्या डोक्यात एक ओडील तयार होती. तिला किनाऱ्यावर चालवायचं, स्कार्फ वाऱ्यावर उडतोय. ती म्हणाली, "मी अशी कधी चालत नाही. या वेळी मी गुडघ्यावर गोठलेल्या मटाराची पिशवी ठेवून रेडिओ ऐकते." मग आम्ही तेच शूट केलं. ती मधेच मला विचारायची, "काय ऐकू येतंय?" मी म्हणायचे, फ्रीज. "आणि?" लांबची ट्रेन. "आणि?" कारखाना. तेव्हा कुठे ती मान हलवायची. मला वाटतं क्रेगपेक्षा तिला मी जास्त आवडले, कारण मी कमी बोलायचे.

एकदा युनीने तिला मुलांशी बोलायला बोलावलं, आम्ही शूट करायला गेलो. एका पोराने मोठ्या अभिमानाने आपली क्लिप दाखवली. दुष्काळात गुरं विकावी लागलेला एक म्हातारा हमसून हमसून रडतोय, कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ जातोय. क्लिप संपली.

"रडल्यावर त्याला पाणी कोणी दिलं?" ओडीलने विचारलं.

पोराला प्रश्नच कळेना. "तेव्हा शॉट चालू होता," तो म्हणाला.

"ते दिसलं मला. म्हणून विचारतेय."

पोरगं लाल झालं. तिने त्याला सोडवलं नाही. परतताना गाडीत क्रेग म्हणाला, "जरा जास्त झालं, ओडील." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "हो. पण त्याच्या लक्षात राहील."

अशा बाईने आपली उत्तम फिल्म मागे घेतली होती, आणि का, ते कोणालाच माहीत नव्हतं. क्रेगला ते हवं होतं. तो विचारायचा, ती मटाराची पिशवी फिरवून ठेवायची. "तो विषय नाही," एवढंच. तिने निर्मात्यांनासुद्धा कारण सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला कोर्टात खेचलं, नंतर तिला कोणी काम दिलं नाही, आणि मग वर्षानुवर्षं ती शाळेत फ्रेंच शिकवत राहिली.

मग क्रेगला ती फिल्म सापडली. एका संग्रहात एक प्रिंट पडून होती. जुन्या निर्मात्यांच्या वारसांकडून त्याने रीतसर परवानगी मिळवली आणि मला न सांगता एका सकाळी लॅपटॉप घेऊन आला. ओडील टेबलाशी बसली, मी तिच्या कॉलरला माईक लावला, कॅमेरा सुरू झाला. पहिला प्रश्न विचारण्याऐवजी क्रेगने लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि बटण दाबलं.

एक तरुण बाई स्वयंपाकघरात मोठमोठ्या लाल मिरच्या भाजत होती. त्यांची जळकी सालं बोटांनी सोलत सोलत बोलत होती. नवरा कधी घरी नसतो, पासपोर्ट कुठे लपवलाय, पोराला काय सांगून बाहेर काढायचं. आवाज अगदी शांत, जणू बाजारातून काय आणायचं ते सांगतेय. एका कोपरावर जुनी काळी-निळी खूण होती.

माझ्या हेडफोनमध्ये ओडीलचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. खरंच थांबला होता. क्रेगचा कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ सरकला.

ती उठली. मला वाटलं लेन्सवर हात ठेवेल, निदान लॅपटॉप बंद करेल. तिने फक्त आवाज बंद केला आणि परत बसली.

"चालू ठेव," ती क्रेगला म्हणाली. "आता मी विचारते. ही बाई जिवंत आहे का?"

"माहीत नाही."

"हिचा नवरा?"

"ओडील, इतकी वर्षं झाली..."

"नवरा जिवंत आहे का, विचारलं मी."

"माहीत नाही."

"मग तू हे काय घेऊन आलास माझ्या घरात?"

आणि मग तिने पहिल्यांदाच सांगितलं. ती बाई मूळची मॅसिडोनियाची. तिला मी इथे व्हेस्ना म्हणते. फिल्म पुरी झाली तोवर ती मुलाला घेऊन पळाली होती. ज्यांनी तिला लपवलं त्यांच्याखेरीज कोणालाही तिचा पत्ता माहीत नव्हता, ओडीलनेही मुद्दाम विचारला नव्हता. महोत्सवासाठी ओडील फ्रान्सला पोचली, आणि तिथे व्हेस्नाचा फोन आला. नवऱ्याला फिल्मची कुणकुण लागली होती. कोणी काढली, कुठे काढली, बायको कोणाबरोबर आहे, हे तो दारोदार विचारत फिरत होता. एवढं सांगून फोन कटला.

"कारण सांगितलं असतं तर पेपरात आलं असतं," ओडील म्हणाली. "पेपरात आलं असतं तर त्याला कळलं असतं, की फिल्मचा माग काढला तर बायको सापडेल. म्हणून मी वेडी झाले. वेड्या बाईला कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही."

क्रेग पांढरा पडला होता. पण थोड्या वेळाने तोच उजळला. "ओडील, हीच तर गोष्ट आहे! लोक तुला इतकी वर्षं नावं ठेवतायत. हे बाहेर आलं तर..."

"तर मला बरं वाटेल. खूप बरं वाटेल," ती म्हणाली. "म्हणूनच मला माझाच भरवसा नाही. आधी तिला विचारायचं."

क्रेगने हळूच आठवण करून दिली, की कागदावर ओडीलची सही आहे, संग्रहाची परवानगी आहे, आणि चॅनेलला फायनल कट लवकर हवाय. धमकी नव्हती ती. पण खोलीत सगळ्यांना कळलं, की ठरवलं तर तो दाखवू शकतो.

व्हेस्नाला शोधणं हाच मोठा धोका होता. पोर्ट केंबलात चार जुन्या घरी विचारलं असतं तरी नवऱ्याच्या नातेवाइकांच्या कानी गेलं असतं. ओडील फक्त एका बाईकडे गेली. तेव्हा व्हेस्नाला आसरा देणारी मार्गरेट, आता निवृत्त होऊन कायमा नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात राहत होती. मी ओडीलला ट्रेनने घेऊन गेले. मार्गरेटने चहा केला, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ती कुठे आहे ते मी तुला सांगणार नाही. तू विचारलंस एवढं तिला सांगेन."

"तेवढंच कर," ओडील म्हणाली. परतीच्या ट्रेनमध्ये तिने समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. मांडीवरच्या पर्सचा बंद बोटांना गुंडाळून घट्ट आवळत राहिली.

त्यानंतर वाट बघणं. क्रेग एडिटला बसला होता. मला त्याचे मेसेज यायचे: काही कळलं का? मी ओडीलला फोन केला की ती दुसऱ्याच रिंगला उचलायची आणि माझा आवाज ऐकून "अच्छा, तू," म्हणायची. हा 'अच्छा' तिने माझ्याकडून उचलला होता. त्या दिवसांत ती बारीक होत गेली. एकदा म्हणाली, "मी तिला विचारायलाच नको होतं का? इतकी वर्षं ती विसरली असेल. मी तिच्या दारावर जाऊन उभी राहिले."

शेवटी मार्गरेटचा फोन आला. व्हेस्ना भेटायला तयार होती, पण वॉलॉंगॉंगमध्ये नाही आणि तिच्या घरीही नाही. जिथे तिच्या ओळखीचं कोणी येणार नाही अशी जागा हवी होती. मी म्हटलं, हॅरिस पार्कला या. आमच्या गल्लीत मिठाईची दुकानं, डोसेवाले, किराणा. मॅसिडोनियन माणूस औषधालाही सापडायचा नाही. फ्लॅटमेट शिफ्टला गेली की माझा फ्लॅट रिकामा असतो.

व्हेस्ना दुपारी आली. ठेंगणी, केस रंगवलेले, हातात काठी. दोघी दारात एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मिठी वगैरे काही नाही. व्हेस्ना म्हणाली, "तू म्हातारी झालीस."

"तूही."

मग व्हेस्ना हसली आणि आत आली. भिंतीवरच्या बुद्धाच्या चित्राकडे तिने क्षणभर पाहिलं आणि त्याच्या खालच्या सोफ्यावर बसली. ओडील खाली गालिच्यावर बसली, तो गुडघा घेऊन. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला केला.

"तो जिवंत आहे," व्हेस्ना म्हणाली. "नर्सिंग होममध्ये. स्ट्रोकनंतर वाचा गेलीय, म्हणतात. मला आता त्याची भीती नाही."

ओडीलच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. मलाही वाटलं, सुटलो.

"पण माझा मुलगा," व्हेस्ना म्हणाली. "त्याला मी सांगितलंय, बाप मासे पकडायला गेला आणि समुद्रात बुडाला. चांगला माणूस होता, असंही सांगितलंय. लहान होता, त्याला काहीतरी द्यायला हवं होतं ना? आता त्याने आपल्या मुलाचं नाव बापाच्या नावावरून ठेवलंय."

खाली रस्त्यावर कोणीतरी हिंदीत पार्किंगवरून भांडत होतं.

व्हेस्नाला फिल्म पाहायची होती. क्रेगचा लॅपटॉप मी मागून आणला होता, त्याला हेडफोन लावून दिले. तिने अख्खी पाहिली. मधे एकदा ती हसली, एकदा तोंडावर हात ठेवून बराच वेळ तसाच ठेवला. संपल्यावर हेडफोन काढून म्हणाली, "मी इतकी तरुण होते?" आणि मग, "चांगली आहे. तू चांगली केलीस, ओडील."

त्या एका क्षणी ओडील तिला काहीही पटवू शकली असती, हे मला दिसत होतं. नवरा मुका झालाय, मुलगा मोठा झालाय, तुझ्यासारख्या कितीतरी बायकांना बळ येईल. सगळं खरंही होतं. चॅनेलचा प्रोमो, पेपरातले लेख, हरवलेली तीस-चाळीस वर्षं, सगळं त्या सोफ्यावरच्या बाईच्या एका होकारावर होतं.

"मला आधी त्याला सांगायला हवं," व्हेस्ना म्हणाली. "आणि मला ते जमेल की नाही, माहीत नाही. कदाचित कधीच नाही."

"ठीक," ओडील म्हणाली. आणि पुढच्याच श्वासात, "मिरच्या अजून तशाच भाजतेस का?"

व्हेस्ना रडायला लागली. मी पाणी आणायला आत गेले आणि मुद्दाम तिथेच थांबले.

दुसऱ्या दिवशी पोर्ट केंबलात ओडीलने क्रेगला सांगितलं, की उत्तर 'नाही' आहे. क्रेग म्हणाला, चेहरा ब्लर करू. "आणि आवाज? मुलगा आईचा आवाज ओळखत नाही?" आवाज बदलू. "मग ती कोण उरली?" क्रेगने डोकं धरलं. त्याची नोकरी, त्याचं घर या फिल्मवर अडकलं होतं, तेही खरं होतं. "माझ्या फिल्मला शेवट नाही, ओडील," तो म्हणाला. "सगळे विचारणार, मागे का घेतली? मी काय दाखवू?"

ओडीलने वाडगा खाली ठेवला. "कॅमेरा लाव."

मी माईक लावला. क्रेगने इशारा केला. तिने सरळ लेन्समध्ये पाहिलं. हे ती कधीच करत नसे.

"ती फिल्म वाईट होती," ती म्हणाली. "महोत्सवात पोचल्यावर मी ती पुन्हा पाहिली आणि मला लाज वाटली. लोक हसतील या भीतीने मी ती मागे घेतली. माझ्याबरोबर काम केलेल्यांचा विचार केला नाही. मी गर्विष्ठ होते, आणि भित्री."

क्रेगने कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं. "हे खरं नाही."

"मी बोललेलं दाखवायचा हक्क तुला आहे. सही आहे माझी. मी काय बोलावं, त्याच्यावर नाही. तुला शेवट हवा होता. लोकांना पडलेली बाई आवडते. रडून दाखवणार नाही, एवढंच."

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "साउंड ओके?" मी मान हलवली. जाताना त्याने फिल्मची आणि त्या सकाळच्या शूटची ड्राइव्ह तिच्या टेबलावर ठेवली. "माझ्याकडे कॉपी नाही आता," म्हणाला, आणि नो वरीज न म्हणता गेला.

क्रेगची फिल्म दाखवली गेली, गाजलीही. वॉलॉंगॉंगच्या शोला हॉल भरला होता. शेवटचा तो भाग आला तेव्हा लोक खुर्चीत पुढे सरकले. ओडील माझ्या शेजारी ताठ बसली होती. दिवे लागल्यावर तिच्याकडे एक म्हातारा आला. नोएल, तिचा त्या वेळचा एडिटर. त्या फिल्मवर त्याने जीव ओतला होता, आणि तिच्या बाजूने साक्ष दिली म्हणून पुढे त्यालाही कोणी उभं केलं नव्हतं.

"लाज?" तो म्हणाला. "मी इतकी वर्षं समजत होतो, की काहीतरी मोठं कारण असेल. सगळ्यांना तेच सांगत आलो. आणि तुला फक्त लाज वाटली?"

मी ओडीलकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. तो तिचा जुना मित्र होता, कोणाला सांगणारही नव्हता.

"माफ कर, नोएल," ती म्हणाली.

तो पाठ फिरवून गेला. ती बाहेर पायऱ्यांपर्यंत चालत आली आणि तिथे मॅगपायांना घालायची ती शिवी एकदा पुटपुटली. हवेला, कोणालाच नाही.

त्यानंतर बरेच महिने मी कामात होते. एका शनिवारी सकाळी तिचा फोन आला, "येऊ शकशील? मला मशीन लावता येत नाही." मी पोचले तर बाहेर एक गाडी उभी, आणि स्वयंपाकघरात चाळिशी ओलांडलेला एक माणूस, कामाचे बूट, हातात किल्ल्या घट्ट धरलेल्या. व्हेस्नाने मुलाला सांगितलं होतं.

"मला ती बघायचीय," तो ओडीलला म्हणत होता. त्याचा आवाज चढला होता. "तू माझ्या आईला मार खाल्लेलं बघितलंस आणि कॅमेरा चालू ठेवलास. मला बघायचंय काय ते."

"आईला विचारलंस?"

"मी तिचा मुलगा आहे!"

"विचारलंस का?"

मला वाटलं तो हातातलं काहीतरी फेकेल. मग त्याने फोन काढला, स्पीकरवर लावला. पलीकडून व्हेस्ना त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली, मग इंग्रजीत, आम्हाला कळावं म्हणून: "दाखव त्याला, ओडील. सगळी."

मी पुढच्या खोलीत लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडला. तो कडेला बसला, बूट न काढता. मी ओडीलसाठी खुर्ची ओढली, पण तिने मान हलवली. "ही त्या दोघांची आहे," म्हणाली, आणि भिंतीला धरत धरत मागच्या दाराने बाहेर गेली. मी फिल्म सुरू केली, खोलीचं दार लोटलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन थांबले.

फायब्रोच्या पातळ भिंतीतून व्हेस्नाचा तरुण, शांत आवाज बाहेर येत होता. ओडील मागच्या पायरीवर बसली होती, पाठ माझ्याकडे, चेहरा अर्धा वळलेला. तिला वाटत होतं तिथे कोणी नाही. तिचे ओठ हलत होते. आतून येणारा एकेक शब्द ती त्याच क्षणी, आवाज न करता म्हणत होती. आत व्हेस्ना श्वास घ्यायला थांबली, की तीही थांबत होती.